उजवीकडची चार बोटं

चौदा मे, गुरुवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. स्थळ: युरोपातल्या एका मोठ्या संग्रहालयाचा तीन नंबरचा दरवाजा, जिथून फक्त ग्रुप सोडतात. हजर: प्रवासी अडतीस. पैकी जोडपी पंधरा, वारज्याचे बाळासाहेब आणि त्यांच्या घरचे मिळून सहा, एकट्या आलेल्या बायका दोन. पोट बिघडलेले तिघं, पण तेही हजर, कारण ब्रोशरात छापलेली गोष्ट पुणेकर सोडत नाही. गैरहजर: कोणी नाही. शिवाय मी.

ही हजेरी आठवणीतून लिहिलेली नाही. पुण्यातल्या एका प्रवास कंपनीत चोवीस वर्षं मी टूर मॅनेजर आहे आणि प्रत्येक टूरची एक वही माझ्याकडे आहे. कोणाला मधुमेह, कोणाला खिडकी, कोण कोणाशेजारी बसणार नाही, सगळं त्यात असतं.

लोकांना वाटतं, टूर मॅनेजर म्हणजे फुकटात जग बघणारी बाई. मी जग बघितलेलं नाही, मी डोकी बघितली आहेत. या संग्रहालयात मी आजपर्यंत बावीस वेळा गेले आहे. स्वच्छतागृह तळमजल्यावर डावीकडे, दुकान बाहेर पडायच्या वाटेवर, आणि बस मागच्या गल्लीत जास्तीत जास्त दहा मिनिटं थांबते, हे मला झोपेतून उठवलंत तरी सांगता येईल. भिंतींवर काय आहे, ते विचारू नका.

संग्रहालयासाठी आमच्या कार्यक्रमात दीड तास असतो. त्यातली वीस मिनिटं स्वच्छतागृहाच्या रांगेत जातात आणि पंचवीस दुकानात. दहा मिनिटं कोणीतरी हरवतं. राहिलेल्या वेळात पाचशे वर्षांची कला बघायची. म्हणून आम्ही ब्रोशरात एकच चित्र छापतो, टपालाच्या तिकिटाएवढं: काळ्या पोशाखातली बाई, हातात मिटलेला पंखा. ते दाखवलं की संग्रहालय झालं.

ते दाखवलं याचा पुरावा मात्र लागतो. काही वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतल्या एका गृहस्थांनी परत आल्यावर चार पानी तक्रार पाठवली होती, मुद्दे क्रमांक घालून. मुद्दा सात: 'सदर चित्र आम्हास दाखवण्यात आले नाही. पुढील इसमाचा मोबाइल दाखवण्यात आला.' साहेबांनी मला बोलावलं. मी म्हटलं, यापुढे प्रत्येक प्रवाशाचा त्या चित्रासमोर मी स्वतः फोटो काढीन, चेहरा स्पष्ट, चित्र मागे, आणि यादीत खूण करीन. ऑफिसला कल्पना इतकी आवडली की ती सगळ्या टूरना लागू झाली. आम्ही त्याला पुरावा फोटो म्हणतो. तक्रारी थांबल्या. तेव्हापासून आमचे प्रवासी त्या चित्रासमोर रांगेने येतात, चित्राकडे पाठ करून उभे राहतात, हसतात आणि जातात. हे मी सुरू केलं आणि कितीतरी दिवस मला त्याचा अभिमान होता.

बाकीचे फोटो ज्याचे त्याने काढायचे. एक बाई चित्रांचे नाही, शेजारच्या पाट्यांचे फोटो काढायच्या. घरी जाऊन निवांत वाचणार होत्या. एका जोडप्याने पूर्ण दालन सहकारनगरच्या बहिणीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. बहीण म्हणाली, "फार अंधार आहे गं, दिवे लावायला सांग." आणि या टूरचे कोथरूडचे जोगळेकर काका. निवृत्त इंजिनियर. ते दाराच्या डावीकडून सुरुवात करत आणि भिंतीवर जे येईल ते टिपत. त्यांच्या संग्रहात आग विझवायची नळकांडी सोळा आहेत. मी विचारलं तर म्हणाले, "मधलं सोडलं तर क्रम चुकतो."

अडतीसमधला एकच माणूस फोटो काढत नव्हता. यादीत बावीस नंबर, शब्बीरभाई. कसबा पेठेत त्यांचं फ्रेमचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, निरोपसमारंभातली मानपत्रं, सगळं त्यांच्या हातून काचेखाली गेलेलं. वय त्रेसष्ट. बरोबर बायको, रेहानाभाभी. शब्बीरभाईंच्या एका डोळ्याला काचबिंदू, त्याने जवळपास दिसत नाही. दुसऱ्याबद्दल डॉक्टर सांभाळून बोलतात. ही टूर त्यांनी त्यासाठीच घेतली होती, हे त्यांनी मला तिसऱ्या दिवशी बसमध्ये सांगितलं.

"ताई, मला त्या म्युझियममध्ये तुमची ती ब्रोशरवाली बाई नको. माझं दुसरं काम आहे तिथे."

त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. दुकानाची भिंत, भिंतीवर एका चित्राची छापील प्रत. जुनं विलायती स्वयंपाकघर. उजेडाकडे पाठ करून एक बाई उभी आहे. तिने हात पुढे केलाय आणि हातात वाडगा आहे. ती तो कोणाला तरी देतेय. कोणाला, ते दिसत नाही. तिथे चित्र संपतं.

"संपत नाही," शब्बीरभाई म्हणाले. "तिथे मी कापलंय."

त्यांच्या बाविसाव्या वर्षी, वडील बाहेर गेलेले असताना, एका प्राध्यापक बाईंनी ही प्रत फ्रेमला दिली. त्यांनी ती आम्ही जाणार होतो त्याच संग्रहालयातून आणलेली. मागे शिक्का होता. शब्बीरभाईंनी मापं घेतली आणि खालची पांढरी कड रिवाजाप्रमाणे कापली. चित्राचं नाव त्या कडेबरोबर गेलं. मग उजवीकडची कड कापताना माप चुकलं आणि कडेबरोबर चित्राची चार बोटं रुंदीची पट्टी गेली. ती भुशाबरोबर झाडली गेली. बाई न्यायला आल्या, दोन मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडेच राहू दे." आवाज चढवला नाही, काही नाही.

"ओरडल्या असत्या तर विसरलो असतो," शब्बीरभाई म्हणाले. "अब्बाही काही बोलले नाहीत. त्यांनी ते चित्र माझ्या टेबलासमोर लावलं. चाळीस वर्षं झाली. रोज काच कापतो आणि रोज विचार करतो, ती वाडगा कोणाला देते. पोराला, नवऱ्याला, फकिराला, मांजराला? कापताना बघितलं असणार ना मी. आठवत नाही. मापाकडे लक्ष होतं."

मी विचारलं, मोबाइलवर शोधलं नाही का. मुलाने शोधलं होतं. मोबाइलने पन्नास स्वयंपाकघरं दाखवली आणि एक मॉड्युलर किचनची जाहिरात.

"आठवडाभर टूर आहे ताई. मला त्या चित्रापुढे दहा मिनिटं द्या. बाकी कुठे मी बसमधून उतरलो नाही तरी चालेल."

मी वहीत लिहिलं: 'गुरुवार, साडेदहा, बावीस नंबर, स्वयंपाकघर.' माझ्या वहीत लिहिलेलं काम होतं. चोवीस वर्षांत कधी झालं नाही असं घडलेलं नाही.

तर गुरुवार. आत शिरताच चौकशीच्या खिडकीत मी मोबाइलवरचा फोटो दाखवला. तिथल्या मुलीने लगेच सांगितलं: वरचा मजला, डावीकडे, शेवटची खोली. शब्बीरभाईंना मी म्हटलं, "आधी पुरावा फोटो उरकू, साडेदहाला मी स्वतः तुम्हाला वर नेते." ते म्हणाले, "चालेल ताई, तुमचं काम आधी."

मुख्य दालनाच्या तोंडाशी एक फलक उभा होता. आमच्यातल्या सात जणांनी त्याचा फोटो काढला. वाचला कोणीच नाही, मी धरून. आत गेलो तर नेहमीच्या भिंतीपुढे चक्क गर्दी नव्हती. एरवी तिथे पन्नास माणसं मोबाइल उंच धरून उभी असतात. मी त्याचं श्रेय माझ्या नियोजनाला दिलं. लवकर निघालं की असं होतं, असं मी मोठ्याने म्हणालेसुद्धा.

रांग लावली. एक, दोन, तीन. प्रत्येकाच्या डोक्यावर कंपनीची नारिंगी टोपी. बाळासाहेबांनी घरचे सहा जण एका फोटोत मागितले, मग सहा वेगळे, मग एक बायकोबरोबर. त्यांच्या घरची शेती गेली, तिथे आता बारा मजल्यांच्या इमारती आहेत आणि बाळासाहेब दरवर्षी टूर करतात. "मॅडम, ही बाई लई गंभीर हाय," ते म्हणाले. "घरी कुनी वारलं का हिच्या?" त्यांच्या बायकोने त्यांना कोपर मारलं. वीस मिनिटांत सदतीस झाले. साडेनऊ आणि वीस, दहाला दहा कमी. मी खूश होते.

बावीस नंबर रांगेत आलाच नव्हता. शब्बीरभाई बाजूला उभे राहून चित्राकडे बघत होते. मान तिरकी, चांगला डोळा पुढे. गिऱ्हाईक फ्रेम निवडताना तेही असेच उभे राहत असतील.

"या, तुमचा राहिला."

ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, ही ती नाही."

"कोण नाही?"

"ब्रोशरवाली. तिच्या हातात पंखा आहे. हिचे हात तर रिकामे आहेत. आणि चौकट बघा. ही अलीकडची आहे, कोपरे मशीनने जोडलेत. एवढ्या मोठ्या चित्राला असली चौकट कोण घालेल?"

मी मागे वळून बघितलं. खरं सांगते, त्या सकाळी त्या भिंतीकडे मी पहिल्यांदाच बघत होते. काळा पोशाख होता, बाई होती. पंखा नव्हता. मग जाऊन फलक वाचला. दालनाच्या छताची दुरुस्ती चालू, प्रसिद्ध चित्र तात्पुरतं दुसऱ्या टोकाच्या दालनात हलवलेलं. जागा रिकामी दिसू नये म्हणून कोठारातली कोणीतरी बाई आणून टांगलेली. सदतीस जणांच्या चौऱ्याहत्तर डोळ्यांना जे दिसलं नाही, ते एका डोळ्याच्या माणसाला दिसलं. चौऱ्याहत्तरांत रेहानाभाभींचेही दोन होते. माझे वेगळे.

गप्प राहायचा विचार मी पूर्ण मिनिटभर केला. टोपी होती, चेहरा होता, मागे काळ्या पोशाखातली बाई होती. घरी जाऊन पंखा कोण शोधणार होतं? शब्बीरभाईंनी ते ओळखलं. "तुमची मर्जी ताई. मी कोणाला बोलणार नाही," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पण मी चार बोटं कापली तेव्हा अब्बांना आधी म्हटलं होतं, कोणाला कळणार आहे?"

तेवढ्यात मला जोगळेकर काका दिसले. ते क्रमाने या भिंतीपर्यंत पोचले होते आणि आता पाटीचा फोटो मोठा करून बघत होते. तेव्हा माझ्या प्रामाणिकपणाचं श्रेय नक्की कोणाला द्यायचं, ते तुम्ही ठरवा. मी टाळी वाजवून सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं.

"म्हणजे आम्ही कोणासोबत फोटो काढला?" जोगळेकर काकू.

"माहीत नाही."

"मी ग्रुपवर टाकला ना. सासूबाईंचा अंगठा पण आला."

बाळासाहेब म्हणाले, "तरी मी म्हनत होतो, लई गंभीर हाय."

दुसरं टोक म्हणजे सहा दालनं पलीकडे. तिथे ती रोजची गर्दी होतीच. पुन्हा रांग, पुन्हा एक, दोन, तीन. बाळासाहेबांचे पुन्हा सहा, पुन्हा एकेक. सदतिसावी खूण झाली तेव्हा अकराला पाच कमी होते आणि बस मागच्या गल्लीत येऊन उभी राहिली होती.

मध्येच केव्हातरी शब्बीरभाई माझ्याजवळ येऊन म्हणाले होते, "मी हळूहळू वर जातो." मी मान हलवली होती. आता मी त्यांना फोन लावला. ते वर, त्या शेवटच्या खोलीच्या दोन खोल्या अलीकडे होते. गुडघ्यामुळे जिना चढायला वेळ लागला होता.

"शब्बीरभाई, बस आली."

ते म्हणाले, "आलो ताई."

आणि आले. चोवीस वर्षांत इतक्या मुकाट्याने कोणी आलेलं नाही. बसमध्ये मी नंबर पुकारले. बावीसला लगेच ओ आली. एकोणतीस आणि तीस, म्हणजे जोगळेकर, नव्हते. काकू दुकानात फ्रिजवर लावायचे चुंबक निवडत होत्या. खऱ्या बाईचे हवे होते, आणि आठ माणसांना आठ वेगळे. ड्रायव्हरने हॉर्न दिला, मी हातापाया पडले, बस दहाऐवजी एकवीस मिनिटं थांबली. म्हणजे अकरा मिनिटं जास्त.

शब्बीरभाईंनी दहा मागितली होती.

ते खिडकीशी बसले होते. काही बोलले नाहीत. मला वाटतं, त्या प्राध्यापक बाईंनीही असाच आवाज चढवला नसेल.

टूर संपली. अभिप्रायाच्या कागदांवर अडतीसही जणांनी 'उत्कृष्ट' लिहिलं. जोगळेकर काकांनी वर एक ओळ जोडली, 'चुकीचे चित्र विनामूल्य दाखवल्याबद्दल आभार.' बावीस नंबरचा पुरावा फोटो नाही म्हणून ऑफिसने मला लेखी विचारलं. मी लेखी उत्तर दिलं, की या प्रवाशाने चित्र पाहिलं आहे.

पुढच्या वर्षी तीच टूर लागली, या खेपेला प्रवासी सदतीस. निघायच्या आधी मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, 'वरचा मजला, शेवटची खोली, फोटो.' या वेळी रांग लवकर उरकली, हातात वीस मिनिटं राहिली. मी वर निघाले आणि ग्रुप माझ्यामागे निघाला. मॅडम वर जातात म्हणजे वर काहीतरी आहे, ब्रोशरात नसलेलं, फुकटचं. बाळासाहेबही होतेच, या वेळी मेहुण्यांच्या घरच्यांना घेऊन.

खोलीत शिरले. चित्र समोरच्या भिंतीवर होतं, वाटलं होतं त्यापेक्षा लहान. मी मोबाइल उचलला, तीन फोटो काढले, आणि तेवढ्यात मोजणीत एक डोकं कमी भरलं. बाळासाहेबांचे मेहुणे. ते स्वच्छतागृहात सापडले. वहीत मी खूण केली: झालं.

पुण्यात आल्यावर दुसऱ्याच दिवशी कसबा पेठेत गेले. गल्लीत गाडी जात नाही, अलीकडे लावून चालत. दुकानात लाकडाच्या भुशाचा आणि सरसाचा वास. एका बाजूला न नेलेल्या फ्रेमा उभ्या. लोक फ्रेम करायला देतात आणि येत नाहीत. कोणाचे आजोबा, कोणाची पदवी, एक अख्खं लग्न. टेबलासमोर ते स्वयंपाकघर. शब्बीरभाईंनी काच कापायचं थांबवून हात पुसले आणि भाभींना आतून बोलावलं. चांगल्या डोळ्याजवळ माझा मोबाइल धरला.

बराच वेळ बघत राहिले. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. हसत होते.

मी मोबाइल घेतला आणि काढल्यानंतर पहिल्यांदा तो फोटो नीट बघितला. बाई होती, उजेड होता, पुढे केलेला हात, वाडगा. आणि वाडग्यापुढे, बरोबर त्या चार बोटांवर, नारिंगी टोपीतले बाळासाहेब. आपल्या बायकोला इकडे ये म्हणून त्यांनी हात पुढे केला होता. तिन्ही फोटोंत. चित्राच्या नावाची पाटी त्यांच्या पाठीआड.

"चाळीस वर्षं विचार करत होतो, घेणारा कोण," शब्बीरभाई डोळे पुसत म्हणाले. "वारज्याचा निघाला."

"भूक लागली असेल बिचाऱ्याला," भाभी म्हणाल्या.

मग ते जरा सरळ बसले. "जाऊ दे ताई. तुम्ही तर होतात ना तिथे. समोर उभ्या होतात. सांगा मला, काय होतं?"

ते माझ्याकडे बघत होते. मी आठवून बघितलं. जिना आठवला. खोलीचं दार आठवलं. छत्तीस आठवले, सदतीस व्हायला हवेत हे आठवलं. भिंत आठवली नाही.

"मापाकडे लक्ष होतं," मी म्हटलं.

त्यांनी चहा मागवला.

संग्रहालयाला मी फोटो जोडून ई-मेल पाठवला. उत्तर नम्र होतं: फोटोवरून माहिती देता येत नाही, कृपया चित्राचा नोंद क्रमांक कळवावा. तो पाटीवर आहे आणि पाटी बाळासाहेबांच्या मागे. बाकीच्यांचे फोटो मागवले, तर त्यांत एकमेकांच्या टोप्या. बाळासाहेबांना फोन केला, तर ते मनापासून म्हणाले, "मॅडम, बगितलं की मी. झ्याक हुतं. पर काय हुतं, ते इचारू नका."

यंदाच्या नव्या ब्रोशरातून ते संग्रहालय गेलं. प्रवाशांच्या आग्रहावरून त्या जागी चॉकलेटचा कारखाना आलाय, आत फोटो काढायला पूर्ण मोकळीक. आता तिथे जायचं तर ग्रुप, वही, टोपी यांशिवाय एकटीने जावं लागेल. शब्बीरभाईंच्या दुसऱ्या डोळ्याची तपासणी दिवाळीनंतर आहे, म्हणजे फार लांबवून चालणार नाही. मी आठ दिवसांच्या रजेचा अर्ज लिहून ठेवला आहे. सगळे रकाने भरले, एक सोडून. 'कारण' या रकान्यात 'संग्रहालय पाहणे' असं लिहिलं तर साहेब विचारतील, "बावीस वेळा गेलात की."

अर्ज वहीत घडी घालून ठेवला आहे. द्यायचा राहिला आहे.